वरचा कॉमा नेमका कुठे?

पत्र

मॅडम, नमस्कार. मी मानेवाड्याला राहते. माहेर काटोलकडचं, शिक्षण सगळं मराठी शाळेत. बी.कॉम. झालं की लग्न, मग लेकरं. ती मोठी झाल्यावर आता धरमपेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात लागले. टॅली मला चांगलं येतं, कोणाची फाईल कोणत्या कपाटात आहे ते सर मलाच विचारतात. पण पार्ट्यांना, म्हणजे ऑफिसच्या क्लायंटना, इंग्रजीत ईमेल लिहायचा म्हटलं की हात थांबतो. तो वरचा कॉमा कुठे द्यायचा तेच समजून नाही राहिलं. मागे माझा एक ईमेल सरांच्या हाताखाली सीएचं काम शिकणाऱ्या आर्टिकलच्या पोरांनी लाल गोल करून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली हसण्याच्या इमोजींची रांग. सर काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून माझा प्रत्येक मसुदा तपासल्याशिवाय जात नाही. मुलगी सीबीएसईला आहे. ती म्हणते, "आई, तू मीठ भुरभुरल्यासारखे कॉमे टाकतेस, सगळेच काढून टाक." तो ईमेल असा होता:

"डिअर सर, ऑल क्लायंट’स आर इन्फॉर्म्ड दॅट सर्स’ केबिन हॅज बीन शिफ्टेड टू फर्स्ट फ्लोअर. युवर कंपनी हॅज चेंज्ड इट’स बँक सो सेंड लास्ट थ्री इयर’स स्टेटमेंट’स. आय ॲम हॅविंग वन डाउट इन मिसेस व्यास रिटर्न. काइंडली रिव्हर्ट बॅक ॲट द अर्लिएस्ट."

व्यास, दास अशा नावांना काय करायचं? डाउट, रिव्हर्ट हे शब्द खरंच चूक आहेत का? सीताबर्डीवर स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का? आणि घराला नवीन नेमप्लेट करायला टाकायची आहे, तिच्यावर देशमुख्स लिहू की देशमुख’स?

एक वाचक, नागपूर (आडनाव बदललं आहे)

उत्तर

ताई, मुलीचं ऐकू नका. सगळे कॉमे काढले तर या ईमेलमधल्या सहा चुकांपैकी तीन सुधारतील आणि तीन तशाच राहतील. त्या राहिलेल्या तीन पोरांना पुन्हा लाल गोल करायला पुरतील.

वरच्या कॉमाला इंग्रजीत अपॉस्ट्रॉफी म्हणतात. पण तुम्ही वरचा कॉमा म्हणता आणि ते नाव चांगलं आहे, मीही तेच वापरते. इथे इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत. "क्लायंट’स" लिहिलं तर कॉमा एसच्या आधी, "क्लायंट्स’" लिहिलं तर एसच्या नंतर, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

तुमची अडचण इंग्रजी कच्चं असण्याची नाही. क्लायंट’स, क्लायंट्स’ आणि क्लायंट्स, तिन्हींचा उच्चार अगदी एकच. म्हणजे कानाने काहीच कळत नाही. म्हणून जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसंही इथे अडखळतात. इंग्लंडातल्या भाजीच्या दुकानांच्या पाट्यांवर टोमॅटो’स, बनाना’स असे कॉमे इतके दिसायचे की या चुकीला तिकडे भाजीवाल्यांचा कॉमा असंच नाव पडलं. जॉन रिचर्ड्स नावाच्या एका निवृत्त पत्रकाराने २००१ मध्ये हा कॉमा वाचवण्यासाठी चक्क एक संस्था काढली आणि २०१९ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, अज्ञान आणि आळस जिंकले म्हणून बंद केली. आर्टिकलच्या पोरांना सांगा, हसायचंच असेल तर आधी लंडनपासून सुरुवात करा.

आपल्याला मात्र एक सोय आहे जी इंग्रजांना नाही. आपल्याला हा फरक ऐकू येतो, कारण मराठी तो अनुस्वाराने दाखवते. मुलाचं वसतिगृह आणि मुलांचं वसतिगृह. पहिल्यात मुलगा एक, दुसऱ्यात अनेक. इंग्रजीत पहिलं बॉय’स, दुसरं बॉईज’. एवढंच. वाक्य मनात मराठीत म्हणा आणि चा-ची-चेच्या लगेच आधीचं अक्षर बघा. त्याच्यावर अनुस्वार नसेल तर कॉमा एसच्या आधी, असेल तर एसच्या नंतर. आणि चा-ची-चेच येत नसेल तर कॉमाच नाही.

ही शेवटची पायरी खरं तर पहिली आहे. तुमच्या सहापैकी दोन चुका तिथेच निघतात. "ऑल क्लायंट’स आर इन्फॉर्म्ड" म्हणजे सगळ्या क्लायंटना कळवतो. क्लायंटचं काही आहे का इथे? फाईल, फी, पत्ता? काहीच नाही. ते नुसते अनेक आहेत. मग नुसता एस, क्लायंट्स. स्टेटमेंट’सचंही तेच, तिथे स्टेटमेंट्स. एकापेक्षा जास्त म्हणून एस लागला की हात आपोआप कॉमा मारतो, ती सवय मोडायची. विशेषतः संक्षेपांवर. पीडीएफ’स, सीए’स, चलान’स असं सगळं ऑफिसांतून दिसतं. आता बहुतेक ठिकाणी पीडीएफ्स, सीएज, चलान्स असं कॉमाशिवायच लिहितात. जुन्या छापील मजकुरात संक्षेपाला कॉमा दिलेला सापडेल. तो त्या काळचा रिवाज होता, तुम्ही सोडून द्या.

आता दुसरी पायरी. तुमच्या टेबलावरच पाठ करण्याजोगी उदाहरणं पडलेली आहेत, पुस्तक घ्यायची गरज नाही. पीएफच्या कागदावर पूर्ण नाव बघा: एम्प्लॉईज’ प्रॉव्हिडंट फंड. १९५२ च्या कायद्याच्या नावातही कॉमा एसच्या नंतर आहे. कर्मचाऱ्यांचा निधी, ऱ्यावर अनुस्वार, जुळलं. ईएसआयचा १९४८ चा कायदा, तोही एम्प्लॉईज’ स्टेट इन्शुरन्स. आणि ज्याला तुमच्या ऑफिसात दिवसभर "कारो" म्हणतात, त्याचं नाव कंपनीज ऑडिटर’स रिपोर्ट ऑर्डर, २०२०. ऑडिटरचा अहवाल, अनुस्वार नाही, कॉमा एसच्या आधी. याच नावातल्या कंपनीजला कॉमा नाही हेही बघून घ्या, तिथे कंपन्या नुसत्या अनेक आहेत. एकाच नावात दोन्ही गोष्टी. कपाटातून एक फाईल काढा आणि पहिलं पान समोर ठेवून पाच मिनिटं बसा, यापेक्षा चांगला क्लास नाही.

अनुस्वाराची युक्ती तीन ठिकाणी फसते. ती ठिकाणं मी नीट सांगते, कारण तुमच्या ईमेलमध्ये त्यांतली दोन आहेत.

पहिलं ठिकाण म्हणजे आपला मान. सरांची केबिन. रावर अनुस्वार आहे, पण सर एकच आहेत! तो अनुस्वार संख्येचा नाही, आदराचा आहे. सासूबाईंचा चष्मा, काकांची गाडी, डॉक्टरांची फी, सगळीकडे माणूस एक आणि अनुस्वार आदराचा. इंग्रजीत आदर असा शब्दाला चिकटत नाही. म्हणून तुमचं "सर्स’ केबिन" चुकलं, ते "सर’स केबिन" हवं. माझी खात्री आहे की ही चूक इंग्रजी न येण्यातून झाली नाही, तर मराठी पक्कं असण्यातून झाली. दोन्ही अनुस्वार एकत्र बघायचे असतील तर हे वाक्य घ्या: १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात झालेली डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांची दीक्षा. आंबेडकरांच्या, हा अनुस्वार मानाचा. अनुयायांची, हा लाखो माणसांचा. इंग्रजीत आंबेडकर’स फॉलोअर्स’, पहिला कॉमा एसच्या आधी, दुसरा नंतर. (असे दोन कॉमे पाठोपाठ आले की वाचणाऱ्याला दम लागतो, म्हणून जाणकार लोक ते "द कन्व्हर्जन ऑफ डॉ. आंबेडकर’स फॉलोअर्स" असं मोकळं करून लिहितात.) तेव्हा अनुस्वार दिसला की एकदा मोजायचं, माणसं खरंच एकापेक्षा जास्त आहेत का.

दुसरं ठिकाण म्हणजे बोलताना गिळलेला अनुस्वार. आपण सर्रास "तीन वर्षाचे स्टेटमेंट पाठवा" म्हणतो. लिहायला बसलो की तीन वर्षांची लिहितो. तीन म्हटल्यावर वर्षं अनेकच, म्हणून थ्री इयर्स’ स्टेटमेंट्स. एकाच वर्षाचं असेल तर लास्ट इयर’स बॅलन्स शीट. दोन दिवसांची रजा, टू डेज’ लीव्ह. आजची तारीख, टुडे’स डेट. वेळेच्या शब्दांना हा कॉमा चालतो हे पुष्कळ जणांना माहीत नसतं. आणि हो, क्लायंट, कंपनी असल्या इंग्रजी शब्दांना आपण मराठीत अनुस्वार देतोच असं नाही. "सगळ्या क्लायंटच्या फायली" म्हणून मोकळे होतो. तिथे क्लायंट काढून तुमचा रोजचा शब्द घाला. पार्टीची फाईल, पार्ट्यांच्या फायली. लगेच दिसेल.

तिसरं ठिकाण छोटं आहे. मेन, विमेन, चिल्ड्रेन, पीपल हे शब्द एस न लावताच अनेकवचनी झालेले आहेत. त्यांना मराठीत अनुस्वार असला तरी कॉमा एसच्या आधीच: विमेन’स डे, चिल्ड्रेन’स डे. शिक्षक दिन मात्र टीचर्स’ डे, आणि १ जुलैला सरांच्या अभिनंदनाचं पोस्टर तुमच्याकडे आलं तर चार्टर्ड अकाउंटंट्स’ डे. मदर’स डेचा कॉमा एसच्या आधी का, असं मुलीने विचारलं तर तिला सांगा की अमेरिकेत हा दिवस सुरू करणाऱ्या ॲना जार्विस यांचा तसा आग्रहच होता. जगातल्या सगळ्या आयांचा सामुदायिक सत्कार त्यांना नको होता, प्रत्येकाने आपापल्या एका आईचा दिवस पाळावा असं त्यांचं म्हणणं होतं. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस जाहीर केला तोही याच रूपात.

आता इट’स. युवर कंपनी हॅज चेंज्ड इट’स बँक. तुम्ही म्हणाल, कंपनीने "तिची" बँक बदलली, चा-ची-चे आहे की! आहे. पण हिज, हर, अवर, युवर, देअर या शब्दांत मालकी आधीच बसलेली आहे, त्यांना कॉमा लागत नाही आणि इट्स हा त्यांचाच भाऊ. इट’स मधला कॉमा मालकीचा नाहीच, तो गळालेल्या अक्षराचा आहे, इट इज किंवा इट हॅजचा. म्हणून इट’स दिसलं की ते फोडून वाचा: "कंपनीने इट इज बँक बदलली". अर्थ लागत नाही, म्हणजे कॉमा काढा. हू’ज आणि हूज, यू’र आणि युवर यांनाही हीच कसोटी. खरं म्हणजे मालकीचा कॉमासुद्धा मुळात गळालेल्या अक्षराचाच. जुन्या इंग्रजीत मालकी दाखवायला शब्दाला ईएस असा प्रत्यय लागायचा, त्यातला ई बोलण्यातून गेला आणि त्याच्या जागी हे चिन्ह उरलं. तुमच्यासारखं मालकीसाठी इट’स लिहिणारे सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडात भरपूर होते, चांगले शिकले-सवरलेले. आज ते चालत नाही, एवढाच फरक.

व्यासांचं आणि दासांचं. इथे दोन पद्धती आहेत आणि दोन्ही प्रतिष्ठित. अमेरिकेतलं पुस्तकवाल्यांचं शिकागो मॅन्युअल व्यास’स लिहायला सांगतं, म्हणजे कॉमा देऊन वर आणखी एक एस. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था नुसता कॉमा देते, व्यास’. २००६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॅन्सस राज्याचा एक खटला होता. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी कॅन्सस’ लिहिलं आणि विरोधी मत देणाऱ्या सूटर यांनी कॅन्सस’स. थॉमस यांच्या नावातच शेवटी एस, त्यांना तो जास्त ठाऊक असणार! जिथे न्यायमूर्तींचं जमत नाही तिथे तुम्ही-आम्ही कोण. मी व्यास’स लिहायला सांगेन, कारण वाचताना आपण व्यासेस असंच म्हणतो. पण सरांना दुसरं आवडत असेल तर ते, फक्त एका ऑफिसातून एकच पद्धत जायला हवी. बोस यांच्याबद्दल वाद नाही, ते इंग्रजीत ई वर संपतात, म्हणून सरळ बोस’स. आणि मिसेस व्यास रिटर्न, काहीच न देता, हे दोन्ही पद्धतींत चूक.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही तरी सांगते, कारण पुढच्या महिन्यात तिथे अडाल. मराठीतला चा इंग्रजीतल्या कॉमापेक्षा फार मोठ्या घराचा आहे. सोन्याची अंगठी, शंभराची नोट, टेबलाचा पाय, नागपूरची संत्री. या सगळ्यांना कॉमा देत सुटलात तर वाक्य विचित्र होतं. मालक माणूस, संस्था किंवा वेळ असेल तर कॉमा. वस्तू कशाची बनली, कुठली, कोणत्या प्रकारची हे सांगायचं असेल तर दोन शब्द नुसते शेजारी ठेवायचे: गोल्ड रिंग, टेबल लेग, ऑफिस की. आपल्या संत्र्यांचं भौगोलिक मानांकन ज्या नावाने आहे ते नागपूर ऑरेंज, नागपूर’स ऑरेंज नव्हे. काटोलच्या लेकीला हे लक्षात राहायला हरकत नसावी.

उलट हल्दीरामचा डबा हातात घ्या. संत्रा बर्फी काढण्याआधी नाव बघा, तिथे हल्दीराम’स आहे, कॉमासकट. हल्दीरामचं. काय हल्दीरामचं? दुकान, माल, तो शब्द लिहिलेलाच नाही, समजून घ्यायचा. इंग्रजीत ही रीत जुनी आहे. ॲट द डॉक्टर’स म्हणजे डॉक्टरांकडे, ॲट माय अंकल’स म्हणजे मामाकडे. आपलं "कडे" तिथे कॉमाने भागतं. दुकानांच्या नावांना मात्र कायदा नाही, ज्याची त्याची मर्जी. लंडनच्या हॅरॉड्सवर कॉमा नाही, मॅकडोनल्ड’सवर आहे, वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानाने २०१२ मध्ये होता तो काढला. पार्टीच्या फर्मचं नाव लिहिताना म्हणून नियम लावत बसू नका. जीएसटी सर्टिफिकेटवर जसं असेल तसं उतरवा, चूक वाटलं तरी.

आता शब्दांकडे. इथे मी तुमच्या पोरांशी सहमत नाही. त्यांनी लाल गोल केलेले शब्द सगळे एका माळेचे नाहीत.

"आय ॲम हॅविंग" खरंच दुरुस्त करा. याचं मूळ आपल्या बोलीत आहे. नागपुरात सगळं चालूच असतं: जेवून राहिलो, समजून राहिलं, वाटून राहिलं. तुमच्या पत्रातच ते वाक्य आहे आणि मराठीत ते सुरेख आहे. इंग्रजीत मात्र नो, अंडरस्टँड, वाँट, नीड, लाइक आणि जवळ असणे या अर्थाचं हॅव, यांना सहसा आयएनजी चालत नाही. म्हणून आय हॅव, आय अंडरस्टँड. जेवणं ही क्रिया आहे, म्हणून आय ॲम हॅविंग लंच अगदी बरोबर.

डाउट चूक नाही, पण त्याला पासपोर्ट नाही. भारतभर वर्गावर्गात डाउट म्हणजे शंका, विचारायची गोष्ट. बुटीबोरीच्या कारखान्याच्या अकाउंटंटला तुम्ही लिहिलंत तर त्याला नेमकं तेच कळेल. पण पार्टी दुबईत किंवा अमेरिकेत असली तर तिला वाटेल मिसेस व्यासांच्या रिटर्नवर तुमचा संशय आहे, आणि सीएच्या ऑफिसातून संशय म्हणजे पार्टीची झोप गेली. तिथे क्वेश्चन किंवा क्वेरी लिहा. रिव्हर्टचंही असंच. मूळ अर्थ पूर्वस्थितीला जाणं, आपल्याकडच्या ऑफिसांत अर्थ उत्तर देणं. मी रिप्लाय लिहिते. रिव्हर्ट बॅकमधला बॅक तर दोन्ही अर्थांत उपराच. प्रीपोनला उगाच नाक मुरडतात, तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे आणि मीटिंग अलीकडे आणायला इतका नेटका दुसरा शब्द इंग्रजांकडे नाही. खुशाल वापरा, फक्त परदेशी पार्टीला तारीख सोबत द्या.

सर बाहेरगावी आहेत म्हणून तुम्ही "आउट ऑफ स्टेशन" लिहीत असालच. त्यातलं स्टेशन रेल्वेचं नव्हे, साहेबाच्या नेमणुकीची जागा. आपल्या शेजारची कामठीची छावणी १८२१ ची, नागपुरात रेल्वे आली १८६७ मध्ये. साहेब गेले, शब्द ऑफिसात राहिला. आता "आउट ऑफ टाऊन" किंवा "ट्रॅव्हलिंग" लिहिलेलं बरं. "डू द नीडफुल" हेही त्याच काळातलं सामान. चूक नाही, पण समोरच्याने नेमकं काय करायचं ते त्यातून कळत नाही. "पासआउट" टाळा, भारताबाहेर त्याचा अर्थ चक्कर येऊन पडणं. कझिनला ब्रदर जोडायची गरज नाही, डिस्कसला अबाउट नको.

आणि फर्निचर्स, इक्विपमेंट्स, ॲडव्हाइसेस, इन्फर्मेशन्स हे टाळाच. हे शब्द साखर-पाण्यासारखे मोजता न येणारे धरतात. स्थिर मालमत्तेच्या यादीत फर्निचर्स दिसलं की ऑडिट करणाराही भुवई उंचावतो. स्टेशनरीच्या स्पेलिंगकडे लक्ष द्या: कागद-पेनाच्या स्टेशनरीत शेवटी ईआरवाय, एका जागी उभ्या गाडीच्या स्टेशनरीत एआरवाय. खर्चाच्या नोंदीत ही चूक मी फार बघितली आहे, आणि ती टॅलीमध्ये लेजर उघडताना एकदा झाली की वर्षभर प्रत्येक व्हाउचरवर येते.

आता तुमचा ईमेल. तो मुळात एक नाही, दोन आहेत. केबिन हलल्याचं सगळ्यांना कळवायचं आहे, बँकेचं एकाच कंपनीला. सगळ्यांना जाणाऱ्या ईमेलमध्ये मिसेस व्यासांच्या रिटर्नचा उल्लेख गेला तर ते कॉमापेक्षा कितीतरी गंभीर. (मिसेस व्यास त्या दुसऱ्या ईमेलमधल्या कंपनीच्या डिरेक्टर असतील असं मी धरते.) म्हणून पहिला ईमेल, सर्वांना: "डिअर क्लायंट्स, मिस्टर अमुक’स केबिन हॅज बीन शिफ्टेड टू द फर्स्ट फ्लोअर." बाहेरच्यांना लिहिताना सर नको, नाव लिहा. सर ते आपले, पार्टीचे नव्हेत. दुसरा, फक्त कंपनीला: "डिअर सर, सिन्स युवर कंपनी हॅज चेंज्ड इट्स बँक, प्लीज सेंड अस द लास्ट थ्री इयर्स’ स्टेटमेंट्स फ्रॉम द ओल्ड अकाउंट. आय ऑल्सो हॅव अ क्वेश्चन अबाउट मिसेस व्यास’स रिटर्न. प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे." ॲट द अर्लिएस्टपेक्षा शुक्रवार बरा. अर्लिएस्ट कधीच उजाडत नाही, हे तुम्हाला जुलैमध्ये रिटर्न भरताना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

क्लास आत्ता लावू नका. स्पोकनच्या क्लासात बोलायला शिकवतात आणि तुमची अडचण लिहिण्याची आहे, तीही बोलून कळत नाही अशा चिन्हाची. त्याऐवजी सरांनी दुरुस्त केलेले मसुदे फेकू नका, एका फाईलमध्ये लावत जा. महिन्याभराने चाळलेत की दिसेल, तुम्ही नव्या चुका करत नाही, त्याच दोन-तीन फिरून फिरून येतात. आणि ग्रुपवरच्या फोटोबद्दल सरांशी एकदा शांतपणे बोला. तुमच्या चुकीबद्दल नाही, पार्टीचं नाव असलेला ईमेल त्या पोरांनी ग्रुपवर टाकला याबद्दल. सीएच्या ऑफिसात पार्टीची माहिती अशी फिरवायची नसते. आर्टिकलशिपमध्ये हे त्यांना कॉमाच्या आधी शिकायला हवं होतं, सर ऐकतील.

राहिली नेमप्लेट. घरात देशमुख मंडळी राहतात एवढंच सांगायचं असेल तर द देशमुख्स, कॉमा नाही. देशमुखांचं घर असं म्हणायचं असेल तर द देशमुख्स’, कॉमा एसच्या नंतर, कारण हा अनुस्वार खरोखर घरातल्या सगळ्यांचा. देशमुख’स म्हणजे एकट्या देशमुखांचं. तुमचं नाव त्यात नाही आणि घराच्या हप्त्यात तुमचा पगार असेल तर ते मला पटणार नाही. किंवा मराठीत नुसतं देशमुख लिहा, छान दिसतं. इंग्रजीच ठेवायचं ठरलं तर कारागिराला फोनवर सांगू नका, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि खोदण्याआधी नमुना मागवा, कारण ते लोक जागा रिकामी दिसली की स्वतःच्या मनाने एक कॉमा वर चढवून देतात.